गाडी गरम होतेय: काटा, कूलंट आणि मेकॅनिकवर किती भरवसा ठेवायचा

‘गाडी गरम होतेय, बघा जरा’ एवढंच सांगून चावी गॅरेजवाल्याच्या हातात दिली, की पुढचं सगळं त्याच्या मर्जीवर. या एका वाक्यात रेडिएटरच्या काही शे रुपयांच्या झाकणापासून इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवण्यापर्यंत काहीही बसतं, आणि डॅशबोर्डवर दोन्हीची सुरुवात सारखीच दिसते. म्हणून गॅरेज गाठण्याआधी एक गोष्ट स्वतः टिपून ठेवा: गाडी कधी गरम होते. सिग्नलला उभी असताना की पळताना? एसी लावल्यावरच की तशीही? सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांत की तासाभराने? हे माहीत असेल तर मेकॅनिक काय म्हणतोय ते पडताळता येतं. माहीत नसेल तर फक्त मान डोलवता येते.

एलबीएस मार्गावर कुर्ला ते घाटकोपर रांगत जाताना तापमानाचा काटा चढतो आणि इस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागून साठचा वेग पकडला की उतरतो, तर दुखणं हवेचं आहे. पळत्या गाडीला समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीत सगळा भार पंख्यावर. म्हणजे संशय पंख्याची मोटर, रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, वायरिंग यांच्यावर, किंवा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीत बसलेल्या कचऱ्यावर. याच्या उलट गाडी शहरात गप्प आणि खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या चढावर, चार माणसं नि सामान भरलेलं असताना तापते, तर इंजिन गार ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, नीट फिरत नाहीये किंवा रेडिएटरला तेवढी उष्णता बाहेर टाकता येत नाहीये. तिथे आतून चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, घसरणारा पट्टा, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉकमधलं पॅकिंग) बघायचं. कुठेही, कशीही चालवली तरी पंधरा-वीस मिनिटांत तापत असेल तर पहिला संशय कमी झालेल्या कूलंटवर, दुसरा बंद अडकलेल्या थर्मोस्टॅटवर. आणि हायवेवर काटा नेहमीच्या खुणेच्याही खाली राहत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा आधीच कुणीतरी काढून टाकलाय. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी हे आवर्जून बघावं.

पंख्याच्या बिघाडाची एक आगाऊ सूचना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. चालत्या गाडीत एसी गार, सिग्नलला थांबलं की कोमट हवा, पुन्हा निघालं की गार. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या समोर असतो आणि बहुतेक गाड्यांत दोघांना एकच पंखा (किंवा पंख्यांची एकच जोडी) हवा देतो. पंखा मेला की आधी एसी रुसतो, काटा नंतर चढतो. या टप्प्यावर लोक एसीवाल्याकडे जातात, तो ‘गॅस कमी आहे’ म्हणून गॅस भरून देतो, आणि दोन आठवड्यांनी गाडी वाफ सोडत उभी राहते. सिग्नलवर एसी अचानक गरम झाला तर दुसरी एक शक्यताही असते: इंजिन फार तापलं की अनेक गाड्यांचा ईसीयू (इंजिनचा संगणक) स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतो.

आता काट्याबद्दल. नव्या गाड्यांतला काटा खरं तापमान जसंच्या तसं दाखवत नाही. साधारण ७५ ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तो मध्यावर स्थिर राहील अशी सोय केलेली असते, म्हणजे चालक उगीच घाबरत नाही. याचा अर्थ काटा मध्याच्या वर हलला तेव्हा इंजिन आधीच बरंच तापलेलं आहे. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, थंड असताना निळा दिवा आणि फार तापल्यावर लाल दिवा, मधलं काही नाही. खरा आकडा हवा असेल तर स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर जोडतात ते) लावायचा ब्लूटूथ डोंगल घ्या, मोबाइलवर अ‍ॅप टाका, कूलंटचं तापमान अंशात दिसतं. निरोगी पेट्रोल गाडी चालताना साधारण ८५ ते ९५ वर राहते, ट्रॅफिकमध्ये ९५ ते १०० च्या आसपास पंखा लागतो आणि आकडा काही अंश खाली येतो. नेमके आकडे मॉडेलगणिक बदलतात, पण वर-खाली होण्याची लय सारखीच. पंख्याचा आवाज नाही आणि आकडा १०३, १०५, १०८ असा चढतच चाललाय, तर पुढच्या सिग्नलची वाट बघू नका.

काट्याचा आणखी एक धोका म्हणजे कूलंट बरंच गळून गेलं तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत राहतो आणि तापमान कमी दाखवतो. काटा चढता चढता अचानक खाली आला, पण हीटर लावल्यावर गार हवा येतेय, तर ती सुधारणा समजू नका. आत पाणी राहिलेलं नाही.

रस्त्यात काटा चढायला लागला तर पहिलं काम एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण वेगात, काचा खाली. मे महिन्यात हे शिक्षेसारखं वाटतं, पण हीटरचा कोअर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनातली थोडी उष्णता बाहेर काढतो. काटा खाली यायला लागला तर डाव्या बाजूला सुरक्षित जागा मिळेपर्यंत सावकाश जाता येतं. लाल दिवा लागला किंवा बॉनेटमधून वाफ आली तर थांबून इंजिन बंद, बाकी काही नाही. पूल किंवा उन्नत मार्गावर असाल तर हॅझर्ड लावा, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या बाजूला उभं करा आणि टोइंग बोलवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स घेतलेलं असेल तर ते याचसाठी आहे. ‘घर दोन किलोमीटरवरच आहे’ हा हिशोब हेड वाकवतो. अ‍ॅल्युमिनियमचं हेड पाण्याशिवाय वाकायला दोन किलोमीटर पुष्कळ होतात.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी लोक हात भाजून घेतात. कुकरची शिट्टी काढून लगेच झाकण उघडण्यासारखंच ते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब. १.१ च्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ११० अंशांचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उसळतं. किमान पाऊण तास थांबा. वरच्या जाड होज पाइपवर हात आरामात टेकवता आला आणि तो दाबल्यावर मऊ लागला, तरच जाड फडक्याने, अर्धा आटा फिरवून. गरम इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, वरूनही शिंपडायचं नाही. हेडला तडा जातो.

पुढची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडी रात्रभर थंड झाल्यावर. आधी टाकीतली पातळी. दोन प्रकारच्या टाक्या असतात. बऱ्याच जपानी-कोरियन धाटणीच्या गाड्यांत रेडिएटरवर वेगळं दाबाचं झाकण असतं आणि शेजारची प्लॅस्टिकची बाटली नुसती सांडलेलं पाणी सांभाळते. युरोपीय धाटणीच्या आणि बऱ्याच नव्या देशी गाड्यांत टाकीच दाबाखाली असते आणि दाबाचं झाकण तिच्यावर. पहिल्या प्रकारात बाटली भरलेली असूनही रेडिएटर रिकामा असू शकतो, कारण झाकणातला छोटा उलटा वॉल्व्ह खराब झाला की थंड होताना पाणी परत ओढलं जात नाही. म्हणून बाटलीवर विसंबू नका, थंड गाडीत झाकण उघडून काठोकाठ आहे का ते बघा. त्याच वॉल्व्हची दुसरी खूण म्हणजे थंड झाल्यावर होज पाइप आत दबून चपटा झालेला दिसतो. या दोन्हीपैकी काही दिसलं तर आधी झाकण बदला, त्याच आकड्याचं. ‘जास्त दाबाचं टाका, चांगलं असतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. जुने पाइप आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्या त्या दाबाने फुटतात.

गळती नेहमी ओलीच दिसेल असं नाही. गरम भागावर कूलंट सुकतं आणि पांढरट-हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा मागे ठेवतं. रेडिएटरच्या काळ्या प्लॅस्टिक टाकीचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा सांधा, होजचे क्लिप, थर्मोस्टॅटचं घर, आणि वॉटर पंपाच्या पोटातलं बारीक छिद्र या जागी टॉर्च मारा. त्या छिद्रातून ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय, तिथे एम-सील लावून उपयोग नाही, ते छिद्र मुद्दामच ठेवलेलं असतं. गाडीखालचं पाणी बघून मात्र घाबरू नका. मुंबईच्या दमट हवेत एसीचं पाणी तासाभरात छोटं डबकं करतं. ते साधं, बिनवासाचं, बिनरंगाचं असतं. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो. डावीकडच्या सीटपुढचं कार्पेट ओलं असेल तरी हाच फरक: साधं पाणी असेल तर एसीची नळी तुंबलीय, बुळबुळीत असेल आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर हीटर कोअर गळतोय. (गोड असलं तरी कूलंट विषारी आहे. सांडलेलं धुऊन टाका, पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात.)

सीएनजीच्या गाड्यांना गळतीची एक जास्तीची जागा आहे आणि मुंबईत सीएनजीच्या गाड्या भरपूर. किटचा रेड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. म्हणजे मूळ गाडीत नसलेले दोन बारीक पाइप, टी-जोड आणि चार-सहा क्लिप. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये हे पाइप बऱ्याचदा हलक्या रबराचे असतात आणि काही वर्षांत तडकतात. रेड्यूसरवर दव किंवा बर्फाचा थर दिसला आणि सीएनजीवर गाडी झटके देत असेल, तर गॅस किटवाल्याकडे जाण्याआधी कूलंटची पातळी बघा.

पंख्याची परीक्षा सोपी. इंजिन सुरू करा, एसी लावा, पूर्ण गार. मिनिटभरात समोरचा पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज बघा, मग फ्यूज बॉक्समधला पंख्याचा रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करा. तरीही नाही, तर मोटरला बॅटरीतून थेट बारा व्होल्ट देऊन बघायचं, हे मात्र इलेक्ट्रिशियनकडून. एसीवर पंखा फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे आणि दोष सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. बऱ्याच गाड्यांत कूलंट सेन्सरचा कनेक्टर काढला की ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगात सुरू करतो. इग्निशन चालू ठेवून हे केलं आणि पंखा सुटला, तर रिले, मोटर, वायरिंग सगळं ठीक. (चेक इंजिनचा दिवा लागेल, तो नंतर स्कॅनरने घालवता येतो.) या सगळ्यात हात पंख्यापासून लांब. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो. दोन वेगांचा पंखा असेल तर कमी वेगाचा रेझिस्टर जळणं हा नेहमीचा आजार. पंखा फक्त जोरात फिरतो, हळू नाही, आणि लोक म्हणतात ‘पंखा तर चालतोय’.

पावसाळ्यात पंख्यांचे हाल होतात. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात फिरता पंखा बुडला की पाती वाकून रेडिएटरला घासतात किंवा तुटतात. मोटरच्या बेअरिंगमध्ये गाळ जातो, आणि बिघाड जुलैत नाही, ऑक्टोबरच्या उकाड्यात उघड होतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने कनेक्टर आणि अर्थिंग हिरवं पडतं, रेडिएटरच्या बारीक पट्ट्या भुसभुशीत होऊन बोट लावताच गळतात. अशा पट्ट्या दिसायला जागेवर असतात, पण नळ्यांपासून सुटलेल्या असल्यामुळे उष्णता बाहेर नेत नाहीत. तो रेडिएटर धुऊन सुधारत नाही, बदलावाच लागतो. नुसती धूळ असेल तर पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं, साध्या नळीच्या दाबाने. प्रेशर वॉशर जवळून मारला की पट्ट्या आडव्या होतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा हाताने होते. थंड इंजिन सुरू केल्यावर थर्मोस्टॅट बंद असतो, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, आणि तेव्हा रेडिएटरला जाणारा पाइप अचानक गरम होतो. तापमान १०० च्या वर गेलं तरी रेडिएटरचा एक पाइप चटका देतोय आणि दुसरा गारच आहे, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये, किंवा आत हवेचा बुडबुडा अडकलाय, किंवा पंप पाणी ढकलत नाहीये. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर रेडिएटरवर आडवं-उभं फिरवा. मध्येच मोठा गार पट्टा सापडला तर त्या नळ्या चोंदल्यात. ही बंदूक चकचकीत धातूवर खोटं कमी तापमान दाखवते, म्हणून काळ्या रबरी पाइपवर किंवा काळ्या प्लॅस्टिकवर मोजा. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसोबत गरम करून बघता येतो, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. जो मेकॅनिक हे तुमच्यासमोर करून दाखवतो त्याला चहा पाजा.

आणि आता ते वाक्य, जे मुंबईत कुठल्याही गल्लीत ऐकू येतं: ‘साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकतो, पंखा डायरेक्ट करतो. आपल्याकडे थंडी कुठे आहे? टेन्शनच नाही.’

माझ्या लेखी गॅरेज पारखायची याहून चांगली कसोटी नाही. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिन ठरलेल्या तापमानावर ठेवण्यासाठी असतो. तो काढला की इंजिन तापायला फार वेळ लागतो, ईसीयू ‘अजून थंड आहे’ समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइलमध्ये गाळ धरतो. वर काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती उघडताना बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर ती वाट कायम उघडी राहते, बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. पंखा इग्निशनला डायरेक्ट जोडला तर अल्टरनेटरवर कायमचा भार, मोटर लवकर मरते, आणि मूळ बिघाड तसाच झाकलेला. रस्त्यात अडकलात आणि घरी पोचण्यापुरता पंखा डायरेक्ट केला तर चालेल, तो कायमचा इलाज म्हणून विकणारा माणूस तुमच्या गाडीचा नाही.

हेड गॅस्केटचं नाव निघालं की बिल एकदम पाच आकड्यांत जातं, म्हणून इथे पुरावा मागायचाच. पुरावे बरेच आहेत आणि महाग नाहीत. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होणं, झाकण उघडं ठेवून (थंड असतानाच) सुरू केल्यावर सतत बुडबुडे येणं, बाहेर गळती नसताना दर आठवड्याला पाणी कमी होणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. ऑइलच्या झाकणाखालचा दुधी थर एकट्याने काही सिद्ध करत नाही. पावसाळ्यात रोज स्टेशनपर्यंतच जाणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही तो येतो. डिपस्टिकवरचं ऑइलही चहासारखं झालं असेल तर मात्र गंभीर. नक्की करायला निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्ट: नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून वरची हवा द्रवातून ओढायची, जळालेला गॅस असेल तर पेट्रोल गाडीत निळा द्रव पिवळा होतो. द्रवात चुकून कूलंट ओढलं गेलं तर रंग बिघडतो आणि चाचणी वाया जाते, म्हणून आधी पातळी थोडी कमी करायची. दुसरी चाचणी कॉम्प्रेशनची. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब बाकीच्यांपेक्षा बराच कमी आला तर त्यांच्यामधलं पॅकिंग फाटलंय. तिसरी प्रेशर टेस्ट: हातपंपाने झाकणावरच्या आकड्याइतका दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काटा टिकतो का बघायचं. या तीनपैकी एकही न करता ‘हेड उतरवावं लागेल’ म्हणणाऱ्याकडून गाडी बाहेर काढा, टोचन करून काढावी लागली तरी.

हेड उतरलंच, तर लेथवाल्याकडे जाण्याआधी पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) लावून वाक किती ते तुमच्यासमोर मोजायला सांगा. बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ मिमीच्या आसपास मर्यादा असते, नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. ब्लॉकची वरची बाजूही मोजायची, ती बहुतेक जण मोजत नाहीत. हेडला तडा आहे का याची प्रेशर टेस्ट मशीन शॉपमध्येच होते, फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) दिलंच आहे तर तीही करून घ्या. बऱ्याच इंजिनांचे हेड बोल्ट एकदाच ताणायचे असतात, ते नवेच हवेत. आणि गॅस्केट का गेलं हे विचारा. पंखा बंद होता म्हणून गाडी तापली, तापली म्हणून हेड वाकलं. पंखा तसाच ठेवून हेड बसवलं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच काम.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि गल्लीतलं गॅरेज यांत कोण प्रामाणिक, या वादात मला फार अर्थ दिसत नाही. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर, मॅन्युअल, पक्कं बिल आणि पार्टवर वॉरंटी मिळते, पण तिथे दुरुस्तीपेक्षा अख्खी असेंब्ली बदलण्याकडे कल. वॉरंटीतल्या गाडीला दुसरीकडे नेण्याचं काही कारण नाही. जुन्या गाडीला चांगला गल्लीवाला जास्त उपयोगी, कारण त्याने तीच इंजिनं शेकड्याने उघडलेली असतात. बघायचं एवढंच की तो बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारतो का. ‘कधी तापते, पाणी किती टाकता, आधी कुणी काय काम केलंय’ हे न विचारता ज्याने निदान सांगितलं त्याने अंदाज सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणारा परवडतो. झाकण, थर्मोस्टॅट, पंप, रेडिएटर सगळं एकदम बदलणाऱ्याला कुठल्या पार्टने गाडी बरी झाली हे त्यालाही कळत नाही. एक अपवाद आहे. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर दोन्ही एकत्र बदलणंच शहाणपणाचं, तेच लेबर दोनदा का द्यायचं. अंदाजपत्रक लेखी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, पार्ट आणि लेबर वेगळं, आणि ‘वाढीव काम निघालं तर फोन करून विचारा’ हे त्यातच लिहा. जुने पार्ट डिकीत टाकून परत द्यायला आधीच सांगून ठेवा, नंतर ‘भंगारात गेले’ हे उत्तर ठरलेलं.

पार्ट स्वतः आणून देण्याची मुंबईत सोय आहे: ऑपेरा हाउसची स्पेअर पार्टची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड. पण गॅरेजवाला मग पार्टची जबाबदारी घेणार नाही, हे धरून चाला. थर्मोस्टॅट आणि झाकण ओरिजिनल किंवा कंपनीला पुरवणाऱ्या उत्पादकाचंच घ्या, डुप्लिकेट थर्मोस्टॅट नवा असतानाच चुकीच्या तापमानाला उघडतो. रेडिएटर चांगल्या बाहेरच्या कंपनीचा चालतो. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला डाग देता येतो आणि नळ्या सळीने साफ करता येतात. आताच्या अ‍ॅल्युमिनियम-प्लॅस्टिकच्या रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी नवी बसवून मिळते, पण तडा गेलेल्या टाकीवर चिकटवलेलं काहीही उन्हाळाभर टिकत नाही. गळती थांबवणारी पावडर किंवा द्रव टाकतो म्हणाला तर नको म्हणा, ती गळतीच्या आधी हीटर कोअर बंद करते.

काम संपताना सगळ्यात जास्त निष्काळजीपणा कूलंट भरण्यात होतो. रंगावरून प्रकार ठरत नाही, हिरवं-लाल-गुलाबी हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच. दोन प्रकार मिसळले तर गंजरोधक द्रव्यं एकमेकांना मारतात, काही मिश्रणांचा गाळ होतो. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं पाणी, आणि ते बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी, नळाचं किंवा टँकरचं नाही. टँकरचं बोअरवेलचं पाणी रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर धरतं. डब्यावर ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नाही, इथे फार गॅरेजं पाणी घालून एका डब्याचे दोन करतात. ‘मुंबईत बर्फ पडत नाही, साधं पाणी पुरे’ हे अर्धसत्य आहे. गोठण्याचा प्रश्न नाही, पण गंजाचा आहे, आणि पंपाचं सील साध्या पाण्यावर लवकर जातं.

भरताना लिटर मोजा. छोट्या हॅचबॅकला साधारण चार ते पाच लिटर लागतं, मॅन्युअलमध्ये आकडा असतो. साडेचारची गाडी पूर्ण रिकामी करून तीनच लिटर आत गेलं, तर उरलेल्या जागेत हवा आहे किंवा जुनं पाणी पूर्ण निघालेलं नाही. हवा काढायला गाडीचं तोंड थोडं वर, हीटर पूर्ण गरमवर, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. मधूनमधून वरचा होज दाबायचा, बुडबुडे येतात. याला अर्धा तास लागतो. पाच मिनिटांत झाकण लावून चावी देणाऱ्याला तिथेच थांबवा.

गाडी ताब्यात घेतल्यावर खात्री करायला अटल सेतूवर जाऊ नका, तिथे थांबता येत नाही. आधी वीस मिनिटं पार्किंगमध्ये एसी लावून उभी ठेवा, डोंगलचा आकडा आणि पंख्याचा आवाज जुळतोय का बघा. मग सकाळी लवकर इस्टर्न एक्सप्रेसवर ठाण्यापर्यंत जाऊन या, आणि आकडा स्थिर असेल तरच घोडबंदरच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये घाला. पहिल्या दोन-चार दिवसांत थंड गाडीत पातळी थोडी खाली गेली तर उरलेली हवा निघाली समजा, भरून टाका. दुसऱ्या आठवड्यातही ती खाली जात असेल तर प्रेशर टेस्ट पुन्हा करून मागा, त्याच बिलावर.